नाव झाकून ओळखा: पाच योजनांच्या नोंदी

३ जून

विकासात अडचणी असलेल्या आमच्या पाचही लहान मुलांच्या वैयक्तिक योजना (कोणाला पुढे काय शिकवायचं त्या) आज टेबलावर ओळीने मांडल्या, नावांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या आणि टीमला म्हटलं, ओळखा कोणती कोणाची. आम्ही चौघी आहोत: मी विशेष शिक्षिका, बाकी स्पीच थेरपिस्ट, ओटी (ऑक्युपेशनल थेरपिस्ट, रोजच्या कामांसाठी मदत करणारी) आणि फिजिओ. एक योजना वयावरून ओळखली गेली, कारण ते बाळ सगळ्यांत लहान. उरलेल्या चारांबाबत नुसते अंदाजपंचे. 'दोन शब्द जोडून बोलेल' हे वाक्य तीन योजनांत जसंच्या तसं. एका मुलीच्या योजनेत तर तिसऱ्या ओळीपासून ती 'तो' झालेली. कॉपी-पेस्टचा याहून ढळढळीत पुरावा नको. ती योजना माझ्याच हातची, हेही लिहून ठेवते.

'वैयक्तिक' हा शब्द मात्र प्रत्येक पानावर वर ठळक छापलाय.

पुढच्या तीन महिन्यांत या पाच योजना नव्याने करायच्या असं ठरलं. या वहीत मुलांची नावं येणार नाहीत, फायलींचे रंग येतील: हिरवी, पिवळी, निळी, केशरी, करडी.

५ जून

योजनांमधले हे गोल, म्हणजे उद्दिष्टं, मुळात आले कुठून, ते शोधत बसले. चेकलिस्ट भरायची, जिथे 'नाही' आलं त्यातली पहिली चार-पाच कलमं उचलायची, झाली योजना. आमची चेकलिस्ट ज्या घराण्यातली आहे त्याचं मूळ १९६९ साली अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यातल्या पोर्टेज गावी सुरू झालेल्या प्रकल्पात आहे. त्यांच्या यादीत जन्मापासून सहा वर्षांपर्यंतची ५८० कौशल्यं होती. गंमत म्हणजे त्या कामाचा जीव यादीत नव्हताच. वस्ती विखुरलेली, म्हणून शिक्षिका आठवड्यातून एकदा घरी जायची, एखादी कृती पालकांना करून दाखवायची, आठवडाभर ती पालक करायचे आणि पुढच्या भेटीत काय जमलं ते बघायचं. आमच्यापर्यंत पोचेपर्यंत यादी शाबूत राहिली, गृहभेट वाटेत गळाली.

चेकलिस्टवर राग नाही माझा. मूल कुठे अडलंय ते ती बरोबर सांगते. पण त्या अडण्यामुळे घरात कोणाचं काय अडतंय, हे तिला विचारून उपयोग नाही.

एक हिशेबही मांडला. आमचं सेशन आठवड्याला ४५ मिनिटांचं. मूल दिवसाला १२ तास जागं धरलं तर आठवड्याचे ८४ तास. म्हणजे शंभरातलं एक मिनिटही धड आमच्या वाट्याला येत नाही. हे आकडे भिंतीवर लावलेत.

७ जून

निळी फाइल, वय १४ महिने. शेरा: 'चालत नाही, मोटर विलंब', म्हणजे हालचालींचा विकास मागे. फिजिओने जन्म कितव्या आठवड्यात ते विचारलं. ३२व्या. आठ आठवडे आधी, म्हणजे सुधारित वय १२ महिन्यांच्या आसपास. वेळेआधी जन्मलेल्या बाळाचं वय साधारण दोन वर्षांपर्यंत असं दुरुस्त करून धरायचं, हे आम्हा चौघींना झोपेतही सांगता येईल. तरी कोणी धरलं नाही, कारण फॉर्मवर तो रकानाच नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निरोगी मुलं आधाराशिवाय चालायला लागण्याचा काळ ८.२ ते १७.६ महिने इतका रुंद निघाला होता. चालण्याचा गोल काढून टाकला. फाइल बंद केली नाही. वेळेआधी जन्म झाला की लक्ष ठेवावंच लागतं. दोन्ही हात सारखे वापरतं का हे विशेष बघायचं, कारण वर्षाच्या आतच बाळ एका हाताला पसंती देऊ लागलं तर दुसऱ्या बाजूची तपासणी करावी लागते. या बाळाचे दोन्ही हात छान चालतात. दर दोन महिन्यांनी भेट.

आईला फोन केला. आमच्या शेऱ्यामुळे ती रोज अर्धा तास बाळाला बगलेत धरून चालवत होती. कंबर धरलीय तिची.

१२ जून

हिरवी फाइल, ३ वर्षं २ महिने, ऑटिझमचं निदान झालेलं. आज घरी जाऊन दिनक्रमाची मुलाखत घेतली. पद्धत रॉबिन मॅकविल्यम यांची. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंतचा एकेक टप्पा घ्यायचा आणि विचारायचं: त्या वेळी घरातले कोण काय करतात, मूल काय करतं, त्यात कितपत रमतं, स्वतःचं स्वतः किती करतं, आणि ती वेळ तुम्हाला कशी जाते. दोनेक तास लागतात. पहिली वीस मिनिटं मी पेन सरसावून बसले होते आणि आई परीक्षेला बसल्यासारखी उत्तरं देत होती. पेन खाली ठेवल्यावर बोलायला लागली.

उठणं ठीक. अंघोळ ठीक, पाण्यात तो खूश असतो. अंघोळीनंतर कपडे घालणं म्हणजे रोजचं युद्ध. बहीण शाळेतून यायची वेळ झाली की दाराशी जाऊन उभा राहतो. हे ऐकून मी चमकलेच. आमच्या योजनेत 'सामाजिक प्रतिसाद अत्यल्प' असं लिहिलंय. आमच्या खोलीत त्याने ज्याच्यासाठी दाराशी जावं असं कोणी नसतं, एवढाच त्याचा अर्थ.

काही हवं असलं की तो मोठ्या माणसाचं मनगट धरून ओढत नेतो आणि त्यांचा हात वस्तूवर ठेवतो, चेहऱ्याकडे न बघता. वस्तू चुकली की रडणं, मग जमिनीवर डोकं आपटणं.

आई म्हणाली, "ताई, बोलेल तेव्हा बोलेल. त्याला काय हवंय एवढं मला कळलं तरी पुष्कळ झालं."

'दोन शब्द जोडून बोलेल' खोडलं.

१४ जून

गोल किती ठेवायचे यावर दीड तास वाद. मॅकविल्यम यांच्या मूळ पद्धतीत कुटुंब दहा-बारा निवडतं. मी तीनचा आग्रह धरला, कारण आमच्या भेटी आठवड्याला एकच आणि घरात करणारं माणूसही बहुतेक एकच. स्पीच थेरपिस्टला हे पटलेलं नाही. तीन गोलांत समज, उच्चार, खेळ हे सगळं कुठे बसवू, असं तिचं म्हणणं, आणि ते चूकही नाही. तात्पुरतं तीनच.

वाक्यं कशी लिहायची ते मात्र सगळ्यांना पटलं. जुनं वाक्य: 'संवादकौशल्यात सुधारणा होईल.' नवं: 'साबणाचे फुगे किंवा झोका हवा असेल तेव्हा, कोणी न विचारता, त्याचं चित्र समोरच्याच्या हातात देईल; सलग तीन दिवसांत मिळून दहा वेळा.' कुठे, कधी, कोणाच्या मदतीशिवाय, किती.

मोजमापाला किरेसुक आणि शर्मन यांची १९६८ मधली गोल अटेनमेंट स्केलिंगची पट्टी घेतली. पाच पायऱ्या: शून्य म्हणजे अपेक्षेइतकं, त्याच्या वर +१, +२ आणि खाली −१, −२. आम्ही आजची स्थिती −२ वर ठेवतोय. या पट्टीचा खरा उपयोग मोजण्याच्या आधीच होतो. करडीच्या योजनेतला 'लक्ष देण्याची क्षमता वाढेल' हा गोल पट्टीवर चढवायला घेतला आणि एकही पायरी लिहिता येईना. कशाकडे लक्ष, कुठे, कोण बोलत असताना?

१८ जून

शिकवायच्या आधी तीन दिवस फक्त बघायचं, असा नियम केलाय. हिरवीची बेसलाइन, म्हणजे शिकवण्याआधीची स्थिती, खेळाच्या वेळेत: मनगट ओढणं ३१ वेळा, स्वतःहून खुणेने, चित्राने किंवा आवाजाने मागणं ०. आईला ३१ हा आकडा ऐकून धक्का बसला. मला आनंद झाला. मागायची इच्छा तर दणकून आहे, रस्ता तेवढा नाही.

२१ जून

चित्र देऊन मागणं सुरू केलं. अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी १९८५ मध्ये बसवलेल्या पद्धतीची पहिली पायरी. तिला दोन माणसं लागतात: एक समोर, फुग्यांची बाटली घेऊन, दुसरं मुलाच्या मागे. मूल बाटलीकडे झेपावलं की मागचं माणूस न बोलता त्याचा हात चित्राकडे वळवतं, चित्र समोरच्याच्या हातात जातं, आणि त्या क्षणी फुगे. घरात दुपारी आई एकटीच असते. म्हटलं, चालेल, एकटीने करा.

(चालत नाही. पुढे बघा.)

२८ जून

बाबांची नोंद: तीन दिवसांत ९ वेळा मागितलं. माझी, त्यांनीच पाठवलेले व्हिडिओ बघून: २. दोघंही प्रामाणिक. फरक 'मागणं' या शब्दाचा. आई हात पसरून "दे, दे" म्हणाली आणि त्याने चित्र ठेवलं, हे बाबांनी धरलं, मी धरलं नाही.

व्हिडिओ पुन्हा पाहिले तेव्हा खरी चूक दिसली, आणि ती माझी. बाटली समोर असते, चित्र हाताशी असतं, आणि तो आईच्या रिकाम्या तळव्याची वाट बघत बसतो. तळवा पुढे आला की चित्र ठेवतो. आठवड्याभरात आम्ही त्याला 'तळवा दिसला की कागद ठेव' हे नीट शिकवलं. मदतीवरच मूल अवलंबून राहणं म्हणतात ते हेच. वर्गात मी विद्यार्थिनींना ते फळ्यावर आकृती काढून समजावते.

१ जुलै

मागे बसायला माणूस सापडलं. बहीण, वय ७. तिला तीनच नियम दिले: बोलायचं नाही, तो झेपावेपर्यंत हात लावायचा नाही, दर दोन दिवसांनी मदत थोडी कमी करायची, म्हणजे आधी मनगट धरायचं, मग कोपर, मग नुसता खांद्याला स्पर्श. आईने तळवा मिटलेला ठेवायचा, चित्र जवळ आल्यावरच उघडायचा. पाच सेकंद थांबायचं. ही पाच सेकंदं मोठ्या माणसांना फार जड जातात. मुलीला नाही गेली, ती ओठ घट्ट मिटून आकडे मोजत बसली.

४ जुलै

पिवळी फाइल. २ वर्षं ८ महिने, डाउन सिंड्रोम. हीच ती 'तो' झालेली मुलगी. दिवसभर आजीजवळ असते. जुना शेरा: 'सूचना पाळत नाही, लक्ष कमी.' आज आमची स्पीच थेरपिस्ट घरी गेली आणि तासाभराने तिने मला फोन केला. समोर बसून सांगितलं तर मुलगी चेंडू आणते, पाठमोरी असताना तेच सांगितलं तर हूं की चूं नाही. दहापैकी दहा वेळा.

फाइलमध्ये 'नवजात श्रवण चाचणी: पास' असं लिहिलेलं आहे, म्हणून कानाचा विषय तिथेच मिटला होता. ती चाचणी त्या दिवसापुरती खरी असते. डाउन सिंड्रोमच्या मुलांमध्ये कान आणि घसा जोडणारी नळी अरुंद असते, कानाच्या पडद्यामागे पाणी साठणं फार सर्रास होतं आणि ते वारंवार होतं. ऐकू येणं मग एखाद्या आठवड्यात बरं, एखाद्यात कमी, आणि बघणाऱ्याला वाटतं मूल मनात आलं तर ऐकतं.

आजी म्हणाल्या, "मी मागे सांगितलं होतं, मागून हाक मारली तर वळत नाही. तर म्हणाले, चाचणी झालीय, हट्टी आहे ती." कोणाला सांगितलं होतं ते मी विचारलं नाही. आमच्यातलंच कोणी असेल या भीतीने.

११ जुलै

पिवळीचा टिंपॅनोग्राम (कानाचा पडदा किती हलतो त्याचा आलेख) दोन्ही कानांत सपाट, म्हणजे पडद्यामागे पाणी असावं. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवलंय. पाणी ओसरतंय का, ते बघून ते पुढचं ठरवतील. आम्ही योजना त्याच दिवशी बदलली. 'लक्ष' हा शब्द गेला. आता: बोलताना तोंडासमोर यायचं, मागचे आवाज बंद करायचे, शब्दाबरोबर हाताची खूण करायची. खुणा चारच: 'आणखी', 'झालं', 'वर घे', 'दे'. आजीला शंका होती की खुणा शिकली तर बोलायचा कंटाळा करेल. ही शंका जवळजवळ प्रत्येक घरात येते. आजवरच्या अभ्यासांत खुणांमुळे किंवा चित्रांमुळे बोलणं मागे पडल्याचं दिसलेलं नाही, उलट काही मुलांत वाढलेलं दिसतं. आजींना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं, मग चारच का? दहा द्या."

फॉर्ममध्ये दोन ओळी घातल्या: 'गेल्या सहा महिन्यांत ऐकण्याची तपासणी?' आणि 'घरात कोणाला काय वेगळं वाटतंय?' जन्माचा आठवडा हा रकाना निळीच्या वेळीच घातला होता.

१६ जुलै

केशरी, ४ वर्षं, सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर परिणाम). रॉबर्ट पॅलिसानो आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मांडलेल्या पाच पातळ्यांच्या वर्गीकरणात तिसरी पातळी: हाताने धरायचं साधन घेऊन चालणारं मूल. योजनेत गोल काय, तर 'साधनाशिवाय दहा पावलं चालेल'. वॉकर घेऊन तो खोलीभर जातो, ते या गोलात कुठेच मोजलं जात नाही.

पीटर रोझेनबॉम आणि यान विलेम गोर्टर यांनी २०१२ मध्ये सहा शब्द सुचवले होते: कार्य, कुटुंब, तंदुरुस्ती, मजा, मित्र, भविष्य. इंग्रजीत सहाही एकाच अक्षराने सुरू होतात, म्हणून लक्षात राहतात. आमच्या पानावर त्यातला अर्धा शब्द होता.

त्याला स्वतःला विचारलं, काय करायचंय. "राज्य." लपंडावात पोरं त्याला नेहमी कोणाच्या तरी कडेवर लपवतात, राज्य कधीच येत नाही. नवा गोल: वॉकर घेऊन राज्य घेईल, वीसपर्यंत मोजेल, किमान एकाला शोधेल. चालणं, वळणं, हात सोडून भिंतीला टेकणं, आकडे, सगळं त्यात आलं. फिजिओ इतकी खूश झाली की तिने लपायच्या जागांमधलं अंतर टेपने मोजून आणलं.

२२ जुलै

करडीच्या बाबांचा मेसेज: 'सध्या थांबतो. जमत नाहीये.' त्यांना दिलेला घरचा तक्ता काढून पाहिला. रोज भरायच्या चौकटी: ११. घरात दुसरं तान्हं बाळ, आई रात्रपाळीला. मुलाखत आम्ही घेतली नव्हती, कारण वेळ जुळत नव्हती, म्हणून जुन्याच योजनेवर तक्ता चढवून पाठवून दिला होता. या कुटुंबाला आमच्याकडून मिळालं काय, तर गृहपाठ.

२९ जुलै

हिरवी: झोक्याचं चित्र बहिणीच्या हातात नेऊन दिलं. झोका दुसऱ्या खोलीत होता.

८ ऑगस्ट

हिरवीच्या कपड्यांचं युद्ध. ओटीला वाटलं होतं, कापडाचा स्पर्श खुपत असेल. दोन आठवडे मऊ कपडे, कॉलरची लेबलं कापलेली, शिवण बाहेरच्या बाजूला. काडीचा फरक पडला नाही. मग आईनेच म्हटलं, हा कपड्यांवर रागावतच नाही, पाणी संपलं म्हणून रागावतो. संध्याकाळी कपडे बदलताना कधीच रडत नाही. ही गोष्ट आम्ही विचारायला हवी होती.

आता शेवटचे तीन मग मोठ्याने मोजून ओतायचे, तिसऱ्यानंतर मग त्याच्याच हाताने उलटा ठेवायचा, आणि कपडे बाथरूमच्या दारातच घालायचे. पहिले चार दिवस रडणं वाढलं. पाचव्या दिवशी मग उलटा ठेवला आणि स्वतःच हात वर केले. आपल्या अंदाजापायी आईचा मऊ कपड्यांवर खर्च झाला म्हणून ओटी मनाला लावून बसलीय.

१९ ऑगस्ट

पिवळी 'आणखी' ही खूण आजीच्या पाठीमागून करते आणि आजी वळत नाहीत म्हणून चिडते. आजींना आता तिचं म्हणणं पटलंय.

३० ऑगस्ट

आढावा. हिरवी: चित्र देणं +१ (तीन दिवसांत १४ वेळा, मनगट ओढणं ६), कपडे ०. तिसरा गोल, बहिणीबरोबर आळीपाळीने खेळणं, −१. पिवळी: खुणा +१, आजींचं श्रेय. एका कानातलं पाणी ओसरलंय, दुसऱ्याची तपासणी पुढच्या महिन्यात. केशरी: ०, दोन पोरं शोधली, पण वीसपर्यंत मोजताना तेरा गाळतो आणि वाद होतो. निळी ऑगस्टच्या भेटीत सात पावलं चालली, आम्ही काहीही न करता. या आकड्यांची सरासरी काढायचा मोह झाला होता. चार वेगळ्या मुलांच्या पट्ट्या, सरासरी कशाची काढणार?

स्पीच थेरपिस्टने तीन गोलांचा वाद पुन्हा काढला. हिरवीचं शब्द समजणं आम्ही तीन महिन्यांत एकदाही मोजलं नाही, हे तिने दाखवून दिलं. मान्य. पुढच्या फेरीत चौथा गोल तिच्या निवडीचा.

मग नावांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवून पुन्हा तोच ओळखण्याचा खेळ. या वेळी फाइली न बघितलेल्या एका सहकारी शिक्षिकेला बसवलं. तिला आम्ही मुलांबद्दल तोंडी दोन-दोन वाक्यं सांगितली होती. चार योजना तिने मिनिटाभरात लावल्या. पाचवी हातात धरून म्हणाली, ही कोणाचीही असू शकते.

करडी. कालच बाबांशी बोलले. रविवारी सकाळी अकराला या म्हणाले, आई झोपेतून उठलेली असते. फॉर्म नेणार नाही, पेनही नाही. ओटी सोबत येतेय, तान्ह्या बाळाला सांभाळायला.